कुठल्या झाडाखाली कोण बसलंय

(काळोख. पडद्यावर काहीच नाही. घुबडाची साद ऐकू येते.)

हे घुबड नाही. माणूस आहे. ओकच्या झाडाला पाठ टेकून बसलाय आणि तोंडाने घुबडाची साद घालतोय. आता ऐका, दरीपलीकडून आलेलं उत्तर. गळ्यात घरघरत उसळलेला, एका दमात संपलेला आवाज. रानटी टर्कीचा नर अजून रातथाऱ्यावर आहे, उंच फांदीवर. वसंतात तो असा पेटलेला असतो, की घुबड घुमलं, ढग गडगडला, कुणी गाडीचं दार आपटलं तरी त्याला राहवत नाही. ओरडतो आणि आपला ठावठिकाणा सांगून मोकळा होतो.

(उजाडतंय. डोंगरउतारावर पांढरा फुललेला डॉगवूड.)

अमेरिकेतल्या मिसूरी राज्याचा दक्षिण भाग. ओझार्कचे डोंगर. एप्रिल सरत आलाय. पालापाचोळ्यात मोरेल अळंबी उगवलीत, गवतात गोचिडी जाग्या झाल्यात आणि टर्कीचा तीन आठवड्यांचा हंगाम सुरू आहे.

हे रान एका कुटुंबाचं आहे, पण एका माणसाचं नाही. आजोबा गेले, वाटणी झाली नाही, आणि जमीन मुलांकडून नातवंडांकडे आली. कायद्याने प्रत्येकाचा हिस्सा आहे, पण तो अख्ख्या जमिनीत आहे. ही टेकडी माझी, तो ओढा तुझा, असं कुणाला म्हणता येत नाही. सातबाऱ्यावर काका-आत्यांच्या नावांची रांग ज्यांनी पाहिलीय, त्यांना हे वेगळं समजवायला नको. एका हिस्सेदाराने कोर्टात वाटणी मागितली, तर अशी जमीन लिलावात निघू शकते. त्याला आवर घालण्यासाठी २०१० साली एक नमुना कायदा तयार झाला. बऱ्याच राज्यांनी तो स्वीकारलाय. त्यात विक्री मागणाऱ्याचा हिस्सा आधी घरच्यांनाच, ठरवलेल्या किमतीला, विकत घेता येतो.

पण कोर्ट दूर आहे. एप्रिलमधला प्रश्न वेगळा असतो. उद्या पहाटे कुठल्या झाडाखाली कोण बसणार?

(जवळून: लाकडी डबी आणि तिच्यावर घासलं जाणारं झाकण.)

हा प्रश्न जिवावरचा का आहे, हे कळायला आधी शिकार कशी चालते ते पाहावं लागेल. निसर्गात नर ओरडतो, पिसारा फुलवतो आणि माद्या त्याच्याकडे जातात. शिकारी हे उलटं करू पाहतो. तो मादीचा आवाज काढतो आणि नराने आपल्याकडे चालत यावं म्हणून वाट बघत बसतो. ही डबी म्हणजे बॉक्स कॉल. आर्कान्सामधल्या डार्डानेल गावच्या हेन्री गिब्सन यांनी १८९७ साली तिचं पेटंट घेतलं. रचना आजही जवळपास तीच आहे. पातळ लाकडी कडेवर खडू लावलेलं झाकण घासलं की मादीची किरकिरती साद उमटते. कुणी पाटीच्या दगडावर काडी घासतं, कुणी टाळूला चिकटवलेल्या पातळ पडद्यातून फुंकतं.

वाजवायला येणं सोपं. गप्प बसता येणं अवघड. मादी इतकी बोलावतेय आणि येत मात्र नाही, हे नराला खटकतं. जुने शिकारी दोन-चार सुरांवर थांबतात आणि मग तासभर हलत नाहीत. टर्कीची नजर विलक्षण तीक्ष्ण असते. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना, त्यामुळे मान जराशी वळवली की चौफेर दिसतं, आणि रंगही कळतात. म्हणून शिकारी नखशिखांत पानाफांद्यांच्या रंगाचे कपडे घालतो, तोंडही झाकतो. छर्र्याची बंदूक साधारण चाळीस यार्डांपर्यंतच भरवशाची. तेवढ्या जवळ तो आला पाहिजे.

आता हीच गोष्ट दुसऱ्या बाजूने बघा. रानात एक माणूस दिसेनासा होऊन बसलाय आणि हुबेहूब टर्कीसारखा ओरडतोय. त्याच रानात त्याचा चुलतभाऊ बंदूक घेऊन टर्कीच शोधतोय. ज्या आवाजाने नर फसतो, त्याच आवाजाने भाऊही फसू शकतो. परक्या जमिनीवर माणूस बिचकून वागतो. घरच्या रानात मात्र 'आपलंच तर आहे' म्हणून कुणीही, कधीही, कुठूनही शिरतं. खरी भीती त्याची आहे.

(रात्रीचं स्वयंपाकघर. टेबलावर हाताने काढलेला नकाशा.)

म्हणून आदल्या रात्री हे टेबल. नकाशावर जागांना घरची नावं आहेत: जुनी विहीर, पडकं धान्यकोठार, विजेने फाटलेला ओक. प्रत्येकाने जागा सांगायची आणि सकाळी ती सोडायची नाही, नर पलीकडच्या टेकडीवर ओरडला तरी. आवाजाचा माग काढत सरपटत जायचं नाही. अंगावर लाल, पांढरं, निळं काही नको, हातरुमालसुद्धा, कारण नराच्या डोक्याचे रंग हेच. दुसरा शिकारी जवळ येताना दिसला तर हात हलवायचा नाही, डबी वाजवायची नाही; माणसाच्या आवाजात मोठ्याने ओरडायचं. सकाळ वाया गेली तरी चालेल. मारलेला पक्षी नारिंगी कापडात गुंडाळूनच बाहेर आणायचा.

जमीन घरची असली तरी पक्षी घरचा नाही. अमेरिकेत रानातले प्राणी जनतेचे, आणि त्यांची राखण राज्याकडे. मिसूरीत राहणाऱ्या, किमान वीस एकर सलग जमीन असलेल्या मालकाला परवाना फुकट मिळतो. राज्याबाहेर गेलेल्या भावंडाला तो विकत घ्यावा लागतो, आणि जेवणाच्या टेबलावर त्याची थट्टाही सोसावी लागते. वसंताच्या हंगामात एकाला दोनच पक्षी, नर किंवा छातीवर केसांसारखी दाढी असलेले. पक्षी मारला की त्याच रात्री दहाच्या आत राज्याला कळवायचं.

ही शिस्त उगाच आलेली नाही. बेसुमार शिकारीने आणि जंगलतोडीने टर्की इथून जवळजवळ संपली होती. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला राज्यभरात मिळून जेमतेम अडीच हजार उरल्या होत्या. पिंजऱ्यात वाढवलेली पिल्लं रानात सोडून पाहिली. ती तगली नाहीत. मग रानटी पक्षीच जाळ्यात धरून दुसऱ्या रानांत सोडले. जाळं तोफेसारख्या नळ्यांतून उडायचं आणि दाणे टिपणाऱ्या थव्यावर पडायचं. १९६० साली १४ काउंट्यांत, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यांसारख्या भागांत, तीन दिवस शिकार पुन्हा उघडली. नर मारले गेले ९४. २००४ च्या वसंतात हाच आकडा साठ हजारांवर गेला होता. पुढे तो बराच उतरला.

(मुघल शैलीतलं टर्कीचं चित्र.)

या पक्ष्याशी आपलीही जुनी ओळख आहे. १६१२ साली जहांगीर बादशहाकडे एक टर्की पोचली. त्याच्या दरबारातल्या मुकर्रब खानाने ती आणली होती गोव्याहून. बादशहाने ती आपल्या दरबारी चित्रकाराकडून, मन्सूरकडून, चितारून घेतली.

(ओझार्क. कुंपणापलीकडे गुडघाभर गवत.)

हंगाम मे महिन्यात संपतो. भांडण तेव्हा सुरू होतं. मादी गवतात, जमिनीवरच घरटं करते. दहा-बारा अंडी, अठ्ठावीस दिवस उबवण. नेमकं तेव्हाच गवत कापणीला येतं. ज्याची गुरं आहेत त्याला ते वेळेवर हवं, कारण उशीर झाला की त्यातला कस जातो. शहरातून वर्षातून एकदा बंदूक घेऊन येणाऱ्यांना ते जुलैपर्यंत उभं हवं. दोघांचाही हिस्सा अख्ख्या गवतात आहे. माझं मत विचाराल, तर वर्षभर कुंपण राखणाऱ्याचं पारडं जरा जड असावं. यंदा असं ठरलंय की ओढ्याकडचा पट्टा जुलैपर्यंत तसाच राहील आणि वरचं गवत जूनच्या सुरुवातीला निघेल. पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी बोलू, असं धाकटी बहीण म्हणाली आणि तिने नकाशा घडी करून ठेवला.