काल दिवसभर काय केलंत?

[दृश्य : भिंतीच्या कोपऱ्यात मेजर टेपचं टोक दाबून धरलेला अंगठा]

जमिनी-इमारती मोजणाऱ्या भूमापकाचं काम आपल्याला आवडेल का, हे घरीच करून बघायला नववीतल्या या मुलीला आज घरातल्या एका खोलीचा नकाशा काढायचा आहे. साहित्य म्हणजे टेप, पट्टी, पेन्सिल, कोरा कागद आणि टेपचं दुसरं टोक धरायला धाकटा भाऊ. प्रमाण एकास पन्नास, म्हणजे जमिनीवरचा १ मीटर कागदावर २ सेंटिमीटर. चार मीटरची भिंत आठ सेंटिमीटर, तीनची सहा. दहा मिनिटांत चौकोन तयार.

आता कर्ण. हिशेबाने दोन्ही कर्ण पाच-पाच मीटर भरायला हवेत. टेपवर एक आला ५.०८ आणि दुसरा ४.९२.

[दृश्य : मुलगी टेपकडे बघते, मग भावाकडे]

भावाने टोक नीट धरलं नसेल, टेप मध्येच झोळ खात असेल. दोन्ही शक्यता खऱ्या. म्हणून पुन्हा मापायचं, या वेळी टेप जमिनीला टेकवून. आकडे तेच आले, तर चूक टेपची नाही. खोलीच तिरकी आहे.

[दृश्य : बंद वर्ग, रिकामी बाकं]

एप्रिल २०२०. युनेस्कोच्या नोंदींनुसार १९० हून जास्त देशांत शाळा बंद होत्या आणि दीडशे कोटींवर विद्यार्थी घरी होते. धडे कसेबसे पडद्यावर आले. पण कारखान्यांच्या भेटी, व्यवसाय मार्गदर्शनाचे तास, समुपदेशकाच्या खोलीत सहज डोकावणं हे सगळं थांबलं. त्या जागी बहुतेकांच्या हाती आली ती कल चाचणीची लिंक.

चाचणी वाईट नसते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांनी १९५९ मध्ये मांडलेले सहा कल आजही तिच्या मुळाशी असतात : हाताने करायचं काम, शोध घेण्याचं, कलेचं, माणसांना मदत करण्याचं, पुढाकार घेऊन व्यवहार करण्याचं आणि नोंदी-नियमांचं. ओ-नेट या अमेरिकेच्या सरकारी व्यवसाय-माहिती प्रकल्पाची छोटी चाचणी ६० प्रश्नांची आहे, प्रत्येक कलाला दहा. पण ज्याने प्रयोगशाळा कधी पाहिलीच नाही, त्याने ‘नमुने तपासायला आवडेल का’ याचं उत्तर कशाच्या आधारावर द्यायचं? तो मधलाच पर्याय निवडतो. मग सहाही गुण जवळपास सारखे येतात आणि अशा निकालातून काही हाती लागत नाही. चाचणी सुरुवातीला घ्यावी, पण तिच्यावर निर्णय सोपवू नये.

[दृश्य : पुस्तकांच्या गठ्ठ्याला टेकवून आडवा ठेवलेला फोन, पडद्यावर परिचारिकेच्या गणवेशातल्या ताई]

खरं काम इथे चालतं : एखादा व्यवसाय रोज करणाऱ्या पाहुण्यांशी मुलांचा व्हिडिओ कॉल. कॉल २० मिनिटांचा, मुलं सहा ते आठ. त्याहून जास्त झाली की दोघं-तिघं बोलतात आणि बाकीची कॅमेरा बंद करून पसार होतात. फोन डोळ्यांच्या उंचीवर हवा, उजेड समोरून. खिडकी पाठीमागे असली की पाहुण्यांची नुसती काळी सावली दिसते. आवाजाची चाचणी दहा मिनिटं आधी. रेकॉर्डिंग करायचं असेल तर पाहुण्यांची परवानगी त्याहूनही आधी.

नेटवर्क रडायला लागलं तर आधी कॅमेरे बंद करायचे. तरी जमेना, तर साधा फोन स्पीकरवर. घरात एकच फोन आणि तोही मोठ्यांसोबत कामावर जात असेल, तर मुलांनी प्रश्न संध्याकाळी पाठवायचे आणि पाहुण्यांनी दोन-दोन मिनिटांच्या ध्वनिसंदेशांत उत्तरं द्यायची. असा एक संदेश एक एमबीच्याही आत मावतो.

‘तुमच्या क्षेत्रात संधी काय आहेत?’ हा प्रश्न विचारायचाच नाही. त्यावर भाषण मिळतं. विचारायचं : काल दिवसभर काय केलंत? तासातासाने सांगा.

[दृश्य : वहीचं पान, चार रकाने]

वहीत चार रकाने : वेळ, काम, सोबत कोण, कंटाळा की मजा. या ताईंच्या दिवसातला बराच वेळ रुग्णाजवळ नव्हे, नोंदी लिहिण्यात गेला. शेवटचा रकाना पाहुणे स्वतः सांगतात, मुलांनी अंदाजाने भरायचा नाही. ‘सगळंच मजेचं’ असं उत्तर आलं, तर ‘काल टाळावंसं वाटलेलं काम कोणतं?’ असा पुढचा प्रश्न.

[दृश्य : हेडफोन लावून टाइप करणारा मुलगा]

कॉलच्या आदल्या दिवशी किंवा नंतर दोन दिवसांच्या आत त्या कामाचा एक तुकडा घरी करून बघायचा. हा मुलगा पाच मिनिटांची मुलाखत शब्दन् शब्द उतरवतो आहे. नवख्याचा त्यात अर्धा तास सहज जातो, आणि बातमीदारीचं रोजचं रूप त्याला पहिल्यांदा कळतं. हिशेबाची आवड असेल, तर घरच्या आठवड्याच्या पावत्या जमा-खर्चात मांडायच्या. हातातली शिल्लक वहीशी जुळेपर्यंत उठायचं नाही. वीजकामाला मात्र फक्त सेल, छोटा बल्ब आणि तार. भिंतीतल्या सॉकेटला हात लावायचा नाही, मोठं माणूस शेजारी असलं तरी.

असं करून बघितल्यावर काही मुलांनी दहावीनंतरचा बेत बदलला, काहींचा तोच राहिला.

[दृश्य : पुन्हा तीच खोली, जमिनीवर पसरलेला कागद]

मुलीने चौकोन खोडला आहे. आता भिंतींची लांबी कंपासमध्ये धरून, एक कर्ण आधी आखून, दोन त्रिकोण जोडून ती नकाशा नव्याने काढते. तो कर्ण १०.१६ सेंटिमीटर. आधीच्या चौकोनातल्या कर्णापेक्षा फरक १.६ मिलिमीटरचा, पण नकाशात खोली खरी उतरते.

उद्या अकराला भूमापकांचा कॉल. तिच्या वहीत पहिला प्रश्न लिहून तयार आहे : भिंत वाकडी निघाली, तर घरमालकाला कसं सांगता?