गोष्टीतली अडचण

[पांढरा पडदा. एक मोठा त्रिकोण, एक लहान त्रिकोण, एक वर्तुळ. बाजूला उघडझाप होणारी चौकट.]

फ्रिट्झ हायडर आणि मॅरिॲन सिमेल या मानसशास्त्रज्ञांनी १९४४ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात फक्त एवढंच होतं. आकृत्या पडद्यावर इकडून तिकडे सरकतात, चौकटीत शिरतात, बाहेर येतात. ही छोटी फिल्म ३४ जणांना दाखवली आणि काय घडलं ते लिहायला सांगितलं. बहुतेकांना मोठा त्रिकोण दांडगट दिसला, वर्तुळ घाबरलेलं दिसलं, लहान त्रिकोण त्याच्या मदतीला धावलेला दिसला. निव्वळ भूमितीच्या भाषेत वर्णन करणारी व्यक्ती निघाली एकच.

तुकडे हाती आले की माणूस त्यांची गोष्ट जुळवतो. व्यवसायात या सवयीशी कसं वागायचं, ते इथे पाहू. व्यवसायाच्या पत्रव्यवहारात याचा फटका रोज बसतो, फक्त तो कुणी मोजत नाही. माल तीन दिवस उशिरा येणार आहे. ग्राहकाला संदेश जातो: "काही अपरिहार्य कारणांमुळे विलंब होत आहे. गैरसोयीबद्दल क्षमस्व." या संदेशात कुणामुळे ते नाही, काय झालं ते नाही. मग वाचणाराच मोकळी जागा भरतो. माल तयारच नसेल. आपली ऑर्डर मागे टाकून दुसऱ्या कुणाला दिली असेल.

[पडद्यावर दुसरा संदेश, अक्षरं एकेक उमटतात.]

"मंगळवारच्या तपासणीत काही झाकणांचे आटे सैल निघाले. चाळीस नग बाजूला काढले, त्यांत तुमचाही होता. नवं झाकण बसवून तो गुरुवारी दुपारी निघेल." तीन वाक्यं. उशीर तेवढाच आहे, पण आता ग्राहकाला तपासणारा माणूस दिसतो, बाजूला काढलेले नग दिसतात. व्यवसायातली गोष्ट म्हणतात ती इतकी लहान असू शकते. तिला पार्श्वसंगीत लागत नाही.

गोष्टीचा दुसरा उपयोग आठवणीशी आहे. गॉर्डन बोवर आणि मायकेल क्लार्क या मानसशास्त्रज्ञांनी १९६९ मध्ये विद्यार्थ्यांना दहा-दहा शब्दांच्या बारा याद्या पाठ करायला दिल्या. एका गटाला प्रत्येक यादीतले शब्द एका गोष्टीत गुंफायला सांगितले, दुसऱ्या गटाला नुसते पाठ करायला. यादी संपल्या संपल्या विचारलं तेव्हा दोन्ही गट जवळपास सारखेच होते. सगळ्या याद्या झाल्यावर पुन्हा विचारलं, तेव्हा गोष्ट गुंफणाऱ्यांना सुमारे ९३ टक्के शब्द आठवले, नुसतं पाठ करणाऱ्यांना १३ टक्के. इथे एक बारकावा सुटू नये. गोष्ट विद्यार्थ्यांनी स्वतः रचली होती, कुणी ऐकवली नव्हती. त्यामुळे "गोष्ट सांगा, ग्राहक विसरणार नाही" असा सरसकट अर्थ यातून काढणं चूक. ऐकणाऱ्याला स्वतः काही जोडायला जागा ठेवावी, एवढा अर्थ मात्र निघतो.

आता गोष्ट बिघडते कुठे ते पाहू.

[एका कागदावर लाल रेघा. ओळी खोडल्या जातात.]

विक्री करणारा माणूस ग्राहकाकडून खरी हकिकत घेऊन येतो. त्यात गोंधळ असतो, चिडचिड असते, आधी घेतलेला चुकीचा निर्णय असतो. मजकूर जाहिरात विभागाकडे जातो. तिथे चिडचिड "नकारात्मक वाटते" म्हणून निघते. कायदेशीर सल्लागार चुकीचा निर्णय काढतात. वरिष्ठ शेवटी कंपनीचं नाव आणखी दोनदा घालतात. उरतं ते असं: "आमची सेवा घेतल्यापासून कामकाज अधिक सुलभ व गतिमान झाले." यात खोटं काहीच नाही. पण अडचणच निघून गेल्यामुळे पुढे काय झालं हे जाणून घ्यायचं कारणही निघून गेलं.

म्हणून सुरुवात गोळा करण्यापासून. गोष्टी सुचवून सुचत नाहीत, त्या विचारून काढाव्या लागतात. आधी कंपनीतल्याच ज्यांना ग्राहकांचे फोन घ्यावे लागतात त्यांच्याजवळ बसा, मग दुरुस्तीला जाणाऱ्यांजवळ. ग्राहक काय बडबडतात ते त्यांना पाठ असतं. त्यांच्याकडून आठ-दहा ग्राहकांची नावं घ्या. त्यांत एखादा नाराज असू द्या.

मुलाखत अर्ध्या तासाची पुरते. "आमची सेवा कशी वाटली?" हा प्रश्न विचारूच नका, त्याचं उत्तर "चांगली आहे" असतं, आणि त्या उत्तराचं काही करता येत नाही. विचारा: हे काहीतरी बदलायला हवं असं पहिल्यांदा कधी वाटलं? त्या दिवशी काय चाललं होतं? आमच्याकडे येण्याआधी काय काय करून पाहिलं? घेताना मन कशामुळे मागे येत होतं? आणि शेवटी, आजही काय अडतं?

उत्तर संपल्यावर लगेच पुढच्या प्रश्नावर उडी मारू नका. चार-पाच सेकंद गप्प राहा. पहिलं उत्तर बहुधा सभ्यपणाचं असतं, खरं वाक्य त्या शांततेनंतर येतं. परवानगी घेऊन आवाज मुद्रित करा आणि बोललेलं जसंच्या तसं उतरवून काढा. टिपणं काढणारा नकळत स्वतःच्या भाषेत लिहितो. ग्राहक "डोकं उठायचं" म्हणाला असेल, तर वहीत "त्रास होत असे" उतरतं. तिथेच गोष्टीचा जीव जातो.

[गोदाम. मांडण्या, खोकी, भिंतीवर कॅलेंडर.]

समजा, साठ्याचा हिशोब ठेवणारं सॉफ्टवेअर विकायचं आहे. नेहमीचा मजकूर असा असतो: "अत्याधुनिक, सर्वसमावेशक आणि वापरण्यास सुलभ साठा व्यवस्थापन प्रणाली." तोच विषय मुलाखतीतून आला तर असा:

"महिन्याच्या शेवटच्या दिवशी गोदाम दुपारी दोनला बंद करावं लागायचं. दोघं मोजायचे, तिसरा वहीत लिहायचा. रात्री वही आणि संगणक जुळायचे नाहीत, म्हणून सकाळी पुन्हा मोजणी. मध्ये एक माणूस वाढवून पाहिला. चुका वाढल्या, कारण आता दोन वह्या झाल्या. आता खोकं मांडणीवरून उचललं की तिथेच नोंद होते. महिनाअखेरीला गोदाम बंद ठेवावं लागत नाही. परत आलेल्या मालाची नोंद मात्र अजून हातानंच करावी लागते."

हा नमुना आहे, खऱ्या ग्राहकाचं बोलणं नाही. पण त्याची बांधणी बघा. सर्वांत मोलाचं वाक्य आहे दोन वह्यांचं. आधी केलेला आणि फसलेला उपाय ऐकला की त्याच अवस्थेतला ग्राहक मान डोलावतो, कारण त्यानंही तेच करून पाहिलेलं असतं. आणि शेवटचं वाक्य, हातानं करावी लागणारी नोंद, कंपनीतलं कुणीतरी नक्की काढायला सांगणार. काढू नका. एक उणीव मोकळेपणानं सांगितली की बाकीच्यावर विश्वास ठेवणं सोपं जातं. शिवाय ती उणीव ज्याला चालणारच नाही, तो आधीच कळून बाजूला होतो. त्याच्या तक्रारी नंतर निस्तरण्यापेक्षा हे बरं.

मापाचं बोलायचं तर एका मिनिटाच्या चित्रफितीत निवेदनाचे साधारण १२० शब्द बसतात. त्यांतले वीसेक माणूस आणि प्रसंग उभा करायला, पन्नास अडचणीला आणि फसलेल्या उपायांना, तीस बदलाला, उरलेले आजच्या स्थितीला. म्हणजे माल किंवा सेवा पडद्यावर येते ती अर्धं मिनिट उलटल्यावर. हे सहन होत नाही, म्हणून कंपनीचं बोधचिन्ह पहिल्या सेकंदाला येतं आणि पाहणारा तिथेच ओळखतो की जाहिरात आहे. सुरुवात "२००३ मध्ये आमची स्थापना झाली" अशी नको. सुरुवात दुपारी दोनला बंद होणाऱ्या गोदामानं.

गोष्टीत नायक कोण, हा प्रश्न जुना आहे. शेतीची अवजारं बनवणाऱ्या जॉन डिअर या अमेरिकी कंपनीनं १८९५ मध्ये 'द फरो' नावाचं शेतकऱ्यांसाठीचं नियतकालिक सुरू केलं. ते आजही निघतं. त्याचा भर शेतीवर आणि शेतकऱ्यांवर राहिला. नांगर विकणाऱ्यानं वाचकाला शेतीबद्दल वाचायला दिलं, यातच सगळं आलं.

[एक माणूस दुसऱ्याला काहीतरी सांगतोय. दुसरा तिसऱ्याला. आवाज ऐकू येत नाही.]

तुमची गोष्ट तुम्ही किती छान सांगता याला फारसं महत्त्व नाही. ग्राहक ती दुसऱ्याला सांगेल तेव्हा काय उरेल ते महत्त्वाचं. केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत वाचकांना एक अनोळखी लोककथा दिली आणि काही काळानं ती पुन्हा सांगायला लावली. कथा आखूड होत गेली. अनोळखी तपशील गळले किंवा ओळखीचे झाले. मूळ कथेतल्या वल्हवायच्या होडग्यांच्या साध्या बोटी झाल्या.

हीच चाचणी कार्यालयात करता येते. तुमच्या धंद्याशी संबंध नसलेल्या पाच जणांना गोष्ट एकदा ऐकवा. दुसऱ्या दिवशी एकेकाला गाठून म्हणा, कालची गोष्ट सांगा. मदत करू नका, नुसतं ऐका आणि काय गळलं ते लिहा. दोन वह्या आठवल्या आणि सॉफ्टवेअर काय करतं ते पाचांपैकी चौघं विसरले, तर गोष्ट मनोरंजक झाली, पण उपयोगाची नाही. याचं कारण बहुधा एकच असतं: अडचण आणि उपाय यांचा धागा सैल आहे. आणखी एक सोपी परीक्षा आहे. तुमच्या नावाच्या जागी प्रतिस्पर्ध्याचं नाव घाला. गोष्ट तरीही तशीच चालत असेल, तर ती तुमच्या मालाबद्दल काहीच सांगत नाही.

गोष्टीनं किंमत वाढते असं ऐकवणारे एक उदाहरण हमखास देतात. २००९ मध्ये रॉब वॉकर आणि जोशुआ ग्लेन यांनी भंगार-जुन्या बाजारातल्या शंभर वस्तू घेतल्या, लेखकांकडून प्रत्येकीवर काल्पनिक कथा लिहून घेतली आणि वस्तू ईबे या संकेतस्थळावर लिलावाला ठेवल्या. सुमारे १२९ डॉलरच्या वस्तू ३,६०० डॉलरच्या वर गेल्या. आकडे खरे आहेत. पण कथा काल्पनिक आहे हे तिथे लपवलेलं नव्हतं, आणि कथा लिहिणाऱ्यांत वाचकांना माहीत असलेले लेखक होते. लोकांनी वस्तू विकत घेतली की लेखकाची कथा, हे वेगळं काढता येत नाही. ते उदाहरण बघून मालाला खोटा इतिहास चिकटवणारे ही मेख विसरतात.

खरेपणाबद्दल घोटाळा सहसा वाईट हेतूनं होत नाही. तीन ग्राहकांच्या हकिकती एकत्र करून एक माणूस बनवला जातो, त्याला नाव आणि फोटो दिला जातो. असं करायचं असेल तर "अनेक ग्राहकांच्या अनुभवांवरून" असं तिथेच लिहावं, तळटीपेत नव्हे. दुसरा घोटाळा अपवादाचा: शंभरातल्या एकालाच मिळालेला फायदा सर्वांना मिळेल असं सुचवणं. अमेरिकेत ग्राहकहिताचं रक्षण करणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेनं २००९ मध्ये जाहिरातींतल्या ग्राहकांच्या शिफारशींबद्दलची आपली मार्गदर्शक तत्त्वं बदलली, तेव्हा "प्रत्येकाला असा परिणाम मिळेलच असं नाही" एवढं लिहून सुटण्याची सोय काढून टाकली. सामान्य ग्राहकाला काय मिळतं, ते स्पष्ट सांगावं लागतं.

काही ठिकाणी गोष्ट नकोच. किमतीचं पान, परताव्याचे नियम, सुरक्षेच्या सूचना, बंद पडलेलं यंत्र चालू करायच्या पायऱ्या. तिथे आलेला माणूस घाईत असतो.

[एक नोंदवही उघडते. रकाने दिसतात.]

राहिली नोंद ठेवण्याची बाब, तिच्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं. प्रत्येक गोष्टीसाठी एक ओळ: कुणी सांगितली, कोणत्या तारखेला, लेखी परवानगी कशाकशाची, म्हणजे नाव, फोटो, आवाज वेगवेगळं, कुठे कुठे वापरली, शेवटचं कधी पडताळलं. प्रसिद्ध करण्याआधी अंतिम मजकूर त्या ग्राहकाला वाचून दाखवावा. वर्षातून एकदा फोन करावा आणि विचारावं, यातलं अजून खरं काय आहे? परत आलेल्या मालाची नोंद आता हातानं करावी लागत नसेल, तर वाक्य बदलावं. ग्राहक सोडून गेला असेल, तर त्याच दिवशी गोष्ट काढून टाकावी. संकेतस्थळावरून, माहितीपत्रकातून, आणि विक्रीच्या माणसांच्या लॅपटॉपमधल्या जुन्या सादरीकरणांतूनही. ती तिथेच सर्वांत जास्त दिवस लपून बसते.