अमूर्त म्हणजे हवेतलं नव्हे!

नमस्कार मंडळी! कोल्हापुरात पापाची तिकटीजवळ, चप्पल लाईनमध्ये उभा आहे. हातात पायताण. कॅमेरा जरा जवळ घे... ही शिवण बघा. चामड्याच्याच वादीनं घातलेली, खिळा एकही नाही. हे झालं मूर्त. हाताला लागतं, पायात येतं आणि देवळाबाहेरून चोरीलाही जातं.

आता यावरचं 'कोल्हापुरी' हे नाव. ते कुठल्या कपाटात ठेवणार? तरी त्याला कागदोपत्री मालक आहे. असल्या मालमत्तेला कायद्यात म्हणतात अमूर्त मालमत्ता.

निराकार, अशरीरी, अमूर्त हे शब्द आपण सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो. निराकार म्हटलं की परमेश्वर. अशरीरी म्हटलं की भुतंखेतं, नाहीतर आकाशवाणी (रेडिओ नव्हे, पुराणातली!). अमूर्तचा मुक्काम मात्र कोर्टात, ताळेबंदात आणि चित्रप्रदर्शनात. त्यात चित्रांची गंमत वेगळीच. अमूर्त चित्रात ओळखीची आकृती नसते एवढंच. कॅनव्हास आणि रंग चांगले हाताला लागतात. म्हणजे भिंतीवरचं अमूर्त चित्र ही मूर्त मालमत्ताच की!

परत चपलेकडे. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन (जीआय टॅग) मिळालं, म्हणजे ठरलेल्या भागात बनलेल्या चपलेलाच हे नाव लावायचा हक्क. नोंदणी महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांच्या नावावर. आपल्याकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे चार जिल्हे आणि तिकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. हो, कर्नाटकातली चप्पलही हक्कानं कोल्हापुरी. नाक मुरडू नका, कारागिरी सीमेच्या दोन्ही अंगाला आहे.

जून २०२५ मध्ये प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीनं मिलानच्या शोमध्ये अशाच चपला दाखवल्या आणि इथं एकच गहजब उडाला. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. जनहित याचिका फेटाळली गेली, कारण दाद मागायला नोंदणी ज्यांच्या नावावर ते आले नव्हते. हाताला न लागणाऱ्या गोष्टीचाही मालक कोण, हे कोर्ट आधी विचारतं.

आणि हा मालकसुद्धा वाट्टेल ते करू शकत नाही. दुकानाचा गाळा तारण ठेवून कर्ज मिळेल. मानांकनाचा हक्क तारण ठेवता येत नाही, विकता येत नाही. १९९९ च्या भौगोलिक मानांकन कायद्याचं कलम २४ तसं सांगतं. सवलत एकच: अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदवलेला कारागीर गेला, तर त्याचा हक्क वारसाकडे जातो.