सहारातला 'मंगळवाला' आणि रडणाऱ्या गाई

नमस्कार मंडळी, रेडिओवर चित्रांबद्दल बोलायचं म्हणजे गंमतच, तुम्हाला दिसणार काहीच नाही, तरी डोळे मिटून ऐका जरा, गाडी चालवत असाल तर मात्र नको!

अल्जेरियाच्या आग्नेय कोपऱ्यात जानेत नावाचं गाव आहे, त्याच्या वरच्या अंगाला तासिली नाज्जेरचं पठार. आज तिथे नुसती वाळू आणि खडक, पण त्या खडकांवर १५,००० च्या वर चित्रं नि कोरीवकाम. १९५६ मध्ये फ्रान्सचा संशोधक आंरी लोत टीम घेऊन गेला, कॉपी करायला रंग नीट उठून दिसावेत म्हणून भिंती ओल्या केल्या, आणि त्यातच कितीतरी रंग फिके पडले. काय बोलायचं आता!

तिथे एक प्रचंड आकृती आहे, डोकं गोल गरगरीत, नाक-डोळे-तोंड धड नाही. लोतनं गमतीत तिला मंगळाचा देव म्हटलं आणि झालं, लोकांना एलियनच दिसायला लागले. अहो पण शेजारच्या भिंतीवरचीही डोकी तशीच आहेत की, ती तिथली चित्र काढायची पद्धत होती, स्टाइल म्हणा, हेल्मेट नव्हे.

नंतरच्या गुराख्यांच्या चित्रांत माणसं छोटी, पण गाई बघाव्यात. प्रत्येकीचे ठिपके वेगळे, शिंगांचा बाक वेगळा, घरच्याच गाई असल्यासारख्या. मग घोडे येतात, रथ येतात, आणि माणूस होतो दोन त्रिकोण, टोकाला टोक लावलेले. आपल्याला लगेच वारली आठवते ना? पण त्रिकोण कुणालाही सुचतो हो, त्यावरून नातं जोडायला जाऊ नका. सगळ्यात शेवटी उंट.

हा क्रम कळतो कसा, तर एका चित्रावर दुसरं काढलेलं असतं, खालचं आधीचं, एवढं साधं. वर्षं सांगणं मात्र अवघड, कारण तपासायला लागणारा कार्बन रंगात फारसा उरलेलाच नसतो.

आणि माझी सगळ्यात आवडती चित्रं जानेतजवळची, तेघरघर्तला खडकात खोल कोरलेल्या गाई, डोळ्याखाली एक थेंब. तिथले लोक सांगतात की गुरं पाण्यावर आली, पाणी आटलेलं, म्हणून रडतायत. सहारा एकेकाळी हिरवा होता, हजारो वर्षांपूर्वी आटत गेला, तेव्हा गोष्ट पटते खरी, पण तो थेंब म्हणजे नुसती गाईच्या तोंडावरची खूणही असू शकते. मला विचाराल तर मी अश्रूच म्हणेन, आणि हो, मंगळवाल्यांना हसून मीही तेच करतोय.