फुसका बार: ठासणीची बंदूक आणि दमट हवा

श्रोतेहो, नमस्कार.

‘फुसका बार’ हा शब्दप्रयोग आपण निवडणुकीतल्या घोषणांना लावतो, दिवाळीत सर्दावलेल्या सुतळी बॉम्बला लावतो आणि कधीकधी आपल्याच एखाद्या बेतालाही लावतो. त्याचे मूळ घर मात्र दारूगोळ्याचे आहे. नळीच्या तोंडातून दारू ओतून, वर चिंधी आणि गोळी ठासून उडवायच्या बंदुकीत बार फुसका का जातो आणि तो जाऊ नये म्हणून जाणते शिकारी काय काळजी घेतात, याविषयी मी आज बोलणार आहे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, आणि कोकणात काही शेतकऱ्यांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर जी ठासणीची बंदूक असते, तिचा परवाना हा शिकारीचा परवाना नव्हे, हे आरंभीच सांगितलेले बरे. अमेरिकेत अनेक राज्यांमध्ये मात्र हरणांच्या शिकारीचा एक वेगळा हंगाम केवळ अशा बंदुकांसाठी राखलेला असतो. थंडीत तासन्‌तास दबा धरून बसलेल्या त्या शिकाऱ्याजवळ एकच बार असतो, त्यामुळे तो फुसका गेला की दिवस संपला.

या बंदुकीची काळी दारू म्हणजे साधारण ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा आणि १० भाग गंधक. रे रोडजवळच्या दारूखान्याचे नाव ऐकून बाहेरगावचा पाहुणा हसतो, पण तिथली दारू ही अशी होती. ओल हा तिचा पहिला शत्रू आहे आणि ते आपल्या पूर्वजांना पक्के ठाऊक होते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडावरचे दारूचे कोठार वस्तीपासून दूर बांधावे, तिथे ओल शिरू देऊ नये आणि आठपंधरा दिवसांनी दारू बाहेर काढून तिला ऊन द्यावे, अशी बारकाईची सूचना आहे. सह्याद्रीचा पाऊस पाहिलेल्या माणसानेच हे लिहावे.

बार उडतो तो दोन पायऱ्यांनी. चकमकीच्या बंदुकीत गारगोटी पोलादावर घासून ठिणगी पडते, ती बाहेरच्या पेल्यातल्या रंजकेला, म्हणजे बारीक दारूला, पेटवते आणि तो जाळ कानातून, म्हणजे नळीच्या बारीक छिद्रातून, आतल्या दारूपर्यंत जातो. यातली कुठलीही कडी तुटली की नुसती रंजक भुरकन उडते आणि गोळी जागीच राहते. स्कॉटलंडमधल्या अलेक्झांडर फोर्साइथ या पाद्र्याला पक्ष्यांच्या शिकारीचा नाद होता. रंजकेचा जाळ पाहून पक्षी गोळी येण्याआधीच उडून जातात, या वैतागातून त्याने आघाताने पेटणाऱ्या मसाल्याचा उपयोग केला आणि १८०७ मध्ये त्याचे पेटंट घेतले. पुढे त्यातूनच तांब्याची छोटी टोपी आली, जिला आपल्याकडे केप म्हणतात. १८३४ मध्ये ब्रिटिश लष्कराने वुलिच येथे दोन्ही प्रकारांची तुलना केली, तेव्हा दर हजार फैरींमागे चकमकीच्या बंदुकीचे सुमारे दीडशे बार फुकट गेले आणि केपाच्या बंदुकीचे जेमतेम सहा.

तरीही केपाची बंदूक फुसकी जाते, आणि माझ्या मते बहुतेक वेळा त्याला दारू नव्हे, तेल कारणीभूत असते. गंज चढू नये म्हणून नळीत तेल फिरवून बंदूक ठेवून दिलेली असते. ते तेल हळूहळू खाली उतरून, ज्या पोकळ खुंटीवर केप बसते तिच्या छिद्रात साचते. म्हणून दारू भरण्यापूर्वी नळी कोरड्या फडक्याने पुसतात आणि दोन केपा नुसत्याच उडवतात. त्या वेळी नळीचे तोंड जमिनीजवळ, एखाद्या गवताच्या पात्यासमोर धरायचे. पाते हलले तर वाट मोकळी आहे, आणि ते निश्चल राहिले तर तार घालून छिद्र साफ केल्याखेरीज पुढचे काहीही करायचे नाही. लाखमोलाची परीक्षा आहे ही, आणि खर्च दोन केपांचा.

दारू ओतल्यावर नळीला बाजूने हलकी थाप मारतात, म्हणजे कण जाळाच्या वाटेत उतरतात. गोळी गजाने दाबून दारूला घट्ट टेकवायची असते, कारण मध्ये पोकळी राहिली तर नळी फुटण्याचा धोका असतो. अनुभवी माणसाच्या गजावर त्यासाठी खूण केलेली असते. खूण नळीच्या तोंडाशी आली नाही, तर गोळी मध्येच अडकली आहे असे समजावे. केप चढवायची ती अगदी शेवटी. पावसाळी हवेत तिच्या कडेला मधमाशीचे मेण लावतात आणि चकमकीच्या यंत्रावर चामड्याचे झाकण बांधून रंजक मधूनमधून बदलतात.

एसी लोकलमधून जुलैमध्ये दादरला उतरताना चष्म्यावर जे धुके चढते, तेच थंड नळीवर ऊबदार दमट हवेत चढते. म्हणून थंड मुलखातले शिकारी दिवस संपल्यावर बंदूक शेकोटीच्या उबेत आणत नाहीत. केप काढून आणि रंजक झटकून ती बाहेरच्याच थंडीत सुरक्षित जागी ठेवतात.

मी दहाअकरा वर्षांचा असताना मुंबईहून गावी गेलो होतो. काका रानडुकरांना हुसकावण्यासाठी बांधाच्या दिशेने बार काढणार होते. त्यांनी चाप ओढला, घोडा पडला, ‘टक्’ असा आवाज झाला आणि पुढे काहीच नाही. मी पाहायला पुढे सरकलो, तशी त्यांनी डाव्या कोपराने मला मागे लोटले. नळी मात्र बांधावरून तसूभरही हलवली नाही. मला शंभरपर्यंत मोजायला सांगितले. मी सातापर्यंत पोचलो असेन, तेवढ्यात बार झाला. ओलसर दारू आत धुमसत राहिली होती. चाप ओढूनही बार झाला नाही तर नळी सुरक्षित दिशेलाच धरून निदान मिनिटभर थांबायचे, तोंडाशी डोकवायचे नाही, हे मला तेव्हा कळले. मिनिटानंतर नवी केप चढवावी, आणि तीही फसली तर दारू पाण्याने भिजवून, गजाला पेचाचा स्क्रू लावून गोळी बाहेर ओढावी.

बार झाल्यावरही काम उरतेच. काळ्या दारूचा निम्म्याहून अधिक भाग जळल्यानंतर घन रूपात मागे राहतो आणि त्यातला पोटॅशियम कार्बोनेट हवेतले पाणी शोषून घेतो. मुंबईच्या पावसाळ्यात न धुतलेली नळी सकाळपर्यंत आतून पाझरू लागते. म्हणून त्याच संध्याकाळी ती कढत पाण्याने धुवायची, पुसून कोरडी करायची आणि तेलाचा हलका हात द्यायचा, हे लक्षात ठेवून की पुढच्या खेपेस भरण्यापूर्वी हेच तेल पुन्हा पुसून काढायचे आहे.