डेक कोणत्या सालचा?

श्रोतेहो, नमस्कार. अमेरिकेत जुनं घर घेतलेल्या किंवा घ्यायच्या बेतात असलेल्या मराठी कुटुंबांशी आज बोलायचंय. घर बघताना आपण छप्पर बघतो, तळघरात ओल आहे का बघतो. मागचा लाकडी डेक, म्हणजे घराला जोडलेला फळ्यांचा उघडा ओटा, किंवा मुलांचा झोपाळा कोणत्या सालचा, हे क्वचितच विचारतो. ते जरूर विचारा. 2004 किंवा त्याआधीचा असेल, तर त्या फळ्यांत आर्सेनिक, म्हणजे सोमल, असण्याची दाट शक्यता आहे. नव्या फळीवर हिरवट झाक असते, पण उन्हापावसात ती राखाडी होते आणि नुसतं बघून काही कळत नाही.

लाकूड कुजू नये, त्याला वाळवी लागू नये म्हणून त्यात आर्सेनिकचं मिश्रण मुरवण्याची ही प्रक्रिया मूळची भारतातली. 1933 साली देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत सोंती कामेशम यांनी तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचं मिश्रण तयार केलं. तांब्यामुळे बुरशी दूर राहते, आर्सेनिकमुळे वाळवी, आणि क्रोमियम या दोन्हींना लाकडात धरून ठेवतं. विजेचे खांब त्यामुळे दशकानुदशकं टिकले, शोध मोठाच होता. पण पावसाबरोबर थोडं आर्सेनिक खालच्या मातीत उतरतं, थोडं फळीवर येतं. लहान मूल कठडा धरून उभं राहतं आणि तोच हात तोंडात घालतं. वर्षानुवर्षं पोटात जाणाऱ्या आर्सेनिकने कर्करोग होऊ शकतो, म्हणून जीव मुलांसाठी अधिक तुटतो.

2003च्या अखेरीस अमेरिकेत घरगुती वापरासाठी असं लाकूड बनवणं थांबलं. ऑस्ट्रेलियानेही 2006मध्ये खेळाची साधनं आणि डेक यांसाठी ते बंद केलं. उभे असलेले डेक मात्र जागेवरच राहिले. घर विकताना ही माहिती देणं सक्तीचं असायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

डेक लगेच पाडायलाच हवा असं नाही. वर्षा-दोन वर्षांनी त्यावर तेलयुक्त, लाकडात मुरणारं सीलर लावा. ब्लीचने धुऊ नका, पॉलिश पेपरने घासू नका. खेळून आलेल्या मुलांचे हात साबणाने धुवा, आणि त्या फळ्यांवर खाऊ थेट ठेवू नका, ताटली घ्या. काढलेल्या फळ्यांचे मेथी-कोथिंबिरीचे वाफे तर अजिबात करू नका. शेकोटीत किंवा बार्बेक्यूतही त्या घालू नका, कारण धुरात आणि राखेत आर्सेनिक उतरतं. त्या कुठे टाकायच्या, हे गावच्या कचरा विभागाला फोन करून विचारा.