यॉर्कचे चित्ररथ

पहाटेचे साडेचार. उत्तर इंग्लंडमधलं यॉर्क शहर. ख्रिस्तशरीराचा सण, म्हणजे कॉर्पस क्रिस्ती. मिकलगेट रस्त्यावर, होली ट्रिनिटी मठाच्या दाराशी पहिला चित्ररथ येऊन थांबतो. रथ कातडी कमावणाऱ्यांचा. वर देव उभा आहे, आणि जग अजून निर्माण व्हायचं आहे.

चाकांवरच्या या रंगमंचांची यॉर्कमधली पहिली नोंद १३७६ सालची. सृष्टीच्या आरंभापासून अंतिम न्यायापर्यंतची बायबलची कथा, जवळपास पन्नास प्रवेशांत. ठरलेल्या प्रत्येक थांब्यावर रथ उभा राहायचा, प्रवेश व्हायचा, रथ पुढे निघायचा आणि मागचा त्याच्या जागी यायचा.

नट म्हणजे शहरातले कारागीर. जगबुडीतलं नोहाचं तारू जहाजबांधणीवाले बांधायचे, येशूचं शेवटचं भोजन पाववाले वाढायचे. पण हयगय खपत नसे. १४७६ मध्ये नगरसभेने ठरवलं: चार जाणत्या नटांनी सगळ्यांना पारखायचं, अभिनय, आवाज किंवा अंगकाठी उणी पडली, तर सरळ काढून टाकायचं.

मला सर्वांत हादरवतो तो क्रुसावर चढवण्याचा प्रवेश. तो टाचण्या बनवणाऱ्यांचा. चार शिपाई कामाला लागलेत. खिळ्यांची भोकं फार लांब पडलीत, हात पोहोचत नाही. मग बांधा दोर आणि ओढा. क्रूस उचलताना कुरकुर: केवढा जड, माझा खांदाच निखळला! त्यांच्या बोलण्यात द्वेषापेक्षा काम उरकायची घाई जास्त, आणि तेच ऐकवत नाही. येशू जवळजवळ सारा वेळ गप्प. क्रूस उभा राहिल्यावर तो बोलतो ते वाटेने, रस्त्याने जाणाऱ्या सगळ्यांशी. आणि प्रेक्षक खरोखरच रस्त्यात उभे असतात.

अंतिम न्यायाचा रथ बड्या कापड व्यापाऱ्यांचा. त्यांच्या सामानाची १४३३ ची यादी आपल्यापर्यंत पोहोचली आहे. नरकाचा जबडा. सैतानांचे मुखवटे. देवाला स्वर्गात चढवायला चार कोपऱ्यांना चार दोर लावलेली लोखंडी बैठक. लाल रंगवलेले नऊ चिमुकले देवदूत, आणि त्यांना इकडून तिकडे पळवायला एक लांब, बारीक दोरी. ती दोरीसुद्धा कुणीतरी आठवणीने लिहून ठेवली, याचं फार अप्रूप वाटतं.

इंग्लंड प्रॉटेस्टंट झाल्यावर जुन्या, कॅथलिक श्रद्धेचं हे नाटक धर्माधिकाऱ्यांना खुपू लागलं. १५६९ नंतर रथ निघाले नाहीत. १९५१ मध्ये सेंट मेरीज मठाच्या पडक्या भिंतींपुढे नाटक पुन्हा उभं राहिलं. १९९८ पासून तर यॉर्कचे गिल्ड, म्हणजे एकेका धंद्याचे संघ, पुन्हा आपापले रथ रस्त्यावर आणू लागले. त्यांत खाटकांचा गिल्डही आहे, आणि ख्रिस्ताचा मृत्यू पूर्वीसारखाच त्यांच्याकडे.